आधी बंद करायचं दाव

तुम्ही कविता मागितली होती. मला कविता येत नाही. मी टर्नर आहे, लोखंड कातणं हा माझा धंदा. तेव्हा घरात आणलेल्या जुन्या लेथला लाइट कशी जोडली ते लिहितो. छापायचं तर छापा.

निगडीच्या ओटा स्कीममध्ये राहतो. ओटा स्कीम म्हणजे नावातच सगळं आलं. ओटा मिळाला, भिंती आणि पत्रे ज्याचे त्यानं उभे केले. घरापुढं दहा बाय बाराची पत्र्याची पडवी आहे. तिथं बाची सायकल, मायची चूल आणि पावसाळ्यात शेजारणीच्या शेळ्या असायच्या. आता तिथं सहा फुटी लेथ उभा आहे.

अठरा वर्षं मी चाकणच्या पट्ट्यात ठेक्यावर काढली. चाकणला मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागं त्यांना पार्ट पुरवणाऱ्या शेडी आल्या. मी त्या शेडींतला. सात महिने काम, मग ब्रेक, मग नवा पास, नवा नंबर. आयटीआयचं सर्टिफिकेट टर्नरचं. पण पहिल्याच शेडीत आडनाव विचारलं आणि हातात झाडू दिला. मशीनवर जायला मला दोन वर्षं लागली. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. वर्षभर ती मशीन मी चालवायचो, त्या दिवशी मात्र तिच्यापासून चार हात लांब उभा राहायचो. प्रसाद शेवटी मिळायचा. पेढा तोच, हात वरून सोडणारा.

एक दिवस ब्रेक संपला तरी फोन आला नाही. वय चाळीसच्या पुढं. म्हटलं बस झालं. 2024 च्या दिवाळीनंतर कुदळवाडीच्या भंगारात गेलो. बटाल्याचा लेथ होता, कोन पुलीचा, ओतीव लोखंडाचा. बंद पडलेल्या कुठल्यातरी शेडीतून आलेला. बेडवर बोट फिरवलं. चकाजवळ झीज होती, टेलस्टॉककडं बेड कोरा. 65 हजाराला सौदा ठरला. बायकोचं डोरलं गेलं, मेहुण्याकडून उसने घेतले. पुढं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. भंगारवाला कुठं गेला ठाऊक नाही. लेथ तेवढा माझ्या पडवीत राहिला.

आता खरी गोष्ट.

लेथच्या मोटारीवर पाटी होती. तेल पुसलं तेव्हा वाचता आली. दोन एचपी, म्हणजे दीड किलोवॅट. 415 व्होल्ट, 3.4 अँपिअर, थ्री फेज, स्टार. आमच्या घरात सिंगल फेज. एक फेज, एक न्यूट्रल, 240 व्होल्ट. त्यावर ही मोटर घुमत नाही, नुसती गुरगुरते.

गल्लीतली पोरं शहाणी. एकजण म्हणाला, कॅपॅसिटर टाक, गावाकडं विहिरीवर दोन फेजवर मोटर चालवतात तशी. चालते, पण ताकद निम्मी होते आणि वाइंडिंग तापतं. पाण्याला चालेल, कातकामाला नाही. कट जरा खोल घेतला की थांबणार. दुसरा म्हणाला, व्हीएफडी घे. हे बरोबर आहे. व्हीएफडी सिंगल फेज घेतो आणि थ्री फेज देतो, वर स्पीडही कमीजास्त करता येतो. पण सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह बाहेर 240 च देतो, 415 नाही. मग स्टारमधली मोटर डेल्टामध्ये जोडावी लागते. त्यासाठी वाइंडिंगची सहा टोकं बाहेर हवीत. माझ्या मोटारीची तीनच बाहेर होती, बाकीची तीन आत बांधलेली. वाइंडरकडं नेऊन उकलता आली असती. तरी मी नाही म्हटलं, कारण दुसरंच होतं.

घरच्या मीटरवर धंदा केला की तो विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो. 2003 चा वीज कायदा, कलम 126. आकारणी होते ती दुप्पट दरानं. मोठ्याला दुप्पट म्हणजे दंड, आपल्याला दुप्पट म्हणजे मशीन परत भंगारात. आपल्या वस्तीकडं बोट दाखवून लोक आधीच म्हणतात, हे आकडे टाकणारे. मला माझ्या लेथवर तो डाग नको होता.

मग थ्री फेजचं औद्योगिक कनेक्शन. एक एजंट भेटला. म्हणाला, तुझ्याकडं सातबारा नाही, खरेदीखत नाही, तुला कोण देणार कनेक्शन? वीस हजार दे, करतो. मी घरी आलो, कायदा काढला, वाचला. कलम 43. जागेच्या मालकानं किंवा भोगवटादारानं अर्ज केला की वितरण कंपनीनं वीज द्यायची, एका महिन्यात. 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी ही मुदत आणखी कमी केली. शब्द बघा, मालक *किंवा* भोगवटादार. त्या "किंवा"मध्ये आपली अख्खी वस्ती बसते. राहत असल्याचे कागद जोडले, ओट्याची जुनी पावती जोडली, स्वतः अर्ज केला. एजंटचे वीस हजार वाचले, त्यातच पुढचं सामान आलं.

इथं थोडं थांबतो. आपण बाबासाहेबांना संविधान म्हणून ओळखतो. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मेंबर होते आणि वीज त्याच खात्याखाली होती. 1943 मध्ये विजेच्या विकासाचं धोरण ठरवणाऱ्या समितीपुढं ते बोलले ते याच नात्यानं. 1944 ला केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. 1948 ला वीज पुरवठ्याचा कायदा झाला, राज्याराज्यांत वीज मंडळं निघाली. त्या कायद्याची जागा पुढं 2003 च्या कायद्यानं घेतली. वीज ही श्रीमंताच्या झुंबराची गोष्ट नाही, ती देशातली गरिबी हटवायचं साधन आहे, असं मानून हा माणूस काम करत होता. आणि त्याच्याही आधी, 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी विचारलं होतं की अस्पृश्यांना विणकाम खात्यात का घेत नाहीत. पगार तिथं जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपली थुंकी दुसऱ्याला चालत नव्हती. 1938 ला मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत तेच दुखणं. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच म्हातारा व्हायचा. थुंकीचा धोटा गेला. झाडू देणारा हात अजून आहे.

आता बाचं सांगतो.

बा 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला. आधी गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडली, मग पिंपरी गाठली. धाकटा भाऊ, माझा चुलता, मागोमाग आला. बानं एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथखालच्या चिपा झाडल्या. तळहातात बारीक लोखंड घुसून काळे ठिपके पडलेत, ते अजून आहेत. तीस वर्षांत त्याला बटणाला बोट लावू दिलं नाही. चुलता दुसऱ्या एका शेडीत ड्रिलिंग मशीनवर होता. 1988 चा पावसाळा. पत्रा गळत होता, खाली पाणी. त्यानं हँडल धरलं आणि धरलेलं सुटलं नाही. बा तिथं पोचला तेव्हा मशीन बंद केलेली होती, पण कुणी लगेच बंद केली नव्हती. मेन स्विच कुठं आहे तेच हेल्परांना ठाऊक नव्हतं. मालक म्हणाला, ओल्या हातानं लावली, चूक त्याचीच. ठेकेदार म्हणाला, हजेरीवर नावच नाही. भरपाई काही मिळाली नाही. आजी मरेपर्यंत म्हणायची, माझ्या लेकाला लाइटीनं खाल्लं.

लाइटीनं नाही खाल्लं. हे मला कळायला आयटीआय लागला.

लेथच्या मागची पेटी उघडली त्या दिवशी गुरुवार होता. एमआयडीसीचा सुट्टीचा वार. वायरमन मामू आला होता, परवाना असलेला, माझ्या ओळखीचा. पेटीत सगळ्या वायरी तेलानं काळ्या. लाल, पिवळी, निळी, कुठली कुठं काही कळेना. मामू म्हणाला, रंगावर जायचं नाही, मीटर लाव. एकेक वायर मीटरवर तपासून चिठ्ठी बांधली. आणि तळाशी हिरवी वायर सापडली. अर्थची वायर. पक्कडनं कापलेली, टोकाला काळी टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली.

का कापली असेल? शोधलं. दिव्याची वायर जिथं गिअरबॉक्सच्या पत्र्याच्या कडेवरून वळत होती तिथं तिचं कातडं घासून गेलं होतं. उघडी तांब्याची तार मशीनच्या अंगाला लागत होती. अर्थ जोडलेला असता तर करंट अर्थमधून धावला असता आणि फ्यूज उडाला असता. तसा तो उडत असणार. काम थांबत असणार. मग कुणीतरी सोपा इलाज केला. खराब वायर बदलायची सोडून अर्थ कापला. फ्यूज उडायचा थांबला. प्रॉडक्शन चालू राहिलं. आता फक्त माणूस उडायचा बाकी होता.

मी ती वायर बाला दाखवली. त्यानं हातात घेतली, टेप सोडवली, टोकाकडं बघत राहिला. म्हणाला, "हीच का रं?"

मी म्हटलं, "ही नाही बा. पण अशीच."

तो काही बोलला नाही. वायर कोपरीच्या खिशात घातली.

दोस्तहो, हे नीट समजून घ्या. मशीनच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागते. तांब्याची वाट दिली तर तो तिकडून जातो, भरपूर जातो आणि फ्यूज पाडतो. वाट नाही दिली तर मशीनच्या अंगावर 240 व्होल्ट थांबून राहतात, वाट बघत. तुम्ही ओल्या पायानं हँडल धरलं की वाट तुम्ही. म्हणून थ्री फेज मशीनच्या अंगाला एक नाही, दोन अर्थ द्यायचे, वेगवेगळे. एक तुटला तर दुसरा आहे. ही कुणाची मेहरबानी नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांत 61 व्या नियमात हे लिहिलं होतं. 1956 हे आपलं दीक्षेचं साल, त्याच सालचा हा नियम. चुलता गेला तेव्हा नियमाला 32 वर्षं झाली होती. पुढं नियम बदलले, नवे विनियम आले, दोन अर्थची अट राहिली.

तर दोन खड्डे. नळाचा अर्थ, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. जागा कुठं? एक पुढं गटारीच्या कडेला, एक मागच्या बोळात. खणायला घेतलं. चार फुटांवर काळा कातळ लागला. पहार उसळायची, ठिणग्या उडायच्या. मामू म्हणाला, राहू दे, इतकं कोण करतं, एक पाइप ठोक आणि पाण्याच्या नळाला दुसरी तार बांध. रिपोर्टमध्ये बसवू. मी नाही म्हटलं. पाण्याचा नळ प्लॅस्टिकचा झाला कधीचा. त्याला तार बांधणं म्हणजे देवाला बांधणं.

बा ओट्यावर बसून बघत होता. सत्तरीला आलेला. उठला, खड्ड्यात डोकावला. म्हणाला, "मधी मारू नगं. दगडाची शीर बघ. शिरंवर छिन्नी धर." बहात्तरच्या खडीचं शिक्षण. मी शीर बघायला शिकलो. तो वरून सांगायचा, मी मारायचो. दोन गुरुवार आणि मधल्या सगळ्या रात्री. दुसरा खड्डा पुरा झाला तेव्हा तो स्वतः कडेला बसून आत कोळसा-मीठ ओतत होता, थरावर थर, हातानं सारखं करत. मीठ ओतताना म्हणाला, "भावाला मातीबी अशीच दिली व्हती." मी पाइप सरळ धरून उभा राहिलो.

आठ नंबरच्या जीआय तारा दोन्ही खड्ड्यांतून आणल्या, मशीनच्या पायाला दोन वेगळ्या बोल्टांनी कसल्या, बोल्टाखालचा रंग खरवडून. रंग ठेवला तर जोड दिसतो, पण लागत नाही. मामूनं टेस्टर लावला. दोन्ही मिळून चार ओहम. 240 भागिले चार, फार तर साठ अँपिअर. सहा अँपिअरचा एमसीबी पडणार. वर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, जिवासाठी. मामू हसला. म्हणाला, "तुझ्या लेथला शंभर हत्तींनी धरलंय."

मोटर मेगरनं तपासली. वाइंडिंग आणि अंग यांच्यात एक मेगोहम तरी हवा, आला 0.2. भंगारात पाऊस खाल्लेली. मोटर उघडून आत शंभरचा बल्ब लावून ठेवला, वरून गोणपाट. दोन रात्री. मायनं विचारलं, कोंबडी बसवली काय? तिसऱ्या दिवशी मेगर सहावर गेला.

स्टार्टर नवा घेतला. जुन्या लेथला नुसता फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच होता. त्याचा धोका असा की चालू ठेवून लाइट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होते, तुमचा हात चकात असला तरी. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर लाइट गेली की सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय धरत नाही. त्यात ओव्हरलोड रिले, पाटीवरच्या 3.4 अँपिअरवर लावलेला. शिवाय एक फेज गेली तर तोडणारा प्रिव्हेंटर. थ्री फेज मोटर पुष्कळदा मरते ती तिसरी फेज गेल्यावर दोनावर राबून. बाहेरून दिसतं की चालू आहे, आत जळत असते. आपल्यातल्या किती बायका-बाप्यांचं असंच आहे, ते सांगत बसत नाही.

मीटर आला. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराची सही झाली. मामूनं फेजा जोडल्या. निळ्या वायरीला पोरं "आपली फेज" म्हणत होती. मी म्हटलं, तिन्ही आपल्याच, एक कमी पडली तर काय होतं ते आत्ताच सांगितलं.

सुरू करण्याआधी मी चक काढून ठेवला आणि पट्टा उतरवला. या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. फेजांचा क्रम उलटा लागला आणि मोटर उलटी फिरली तर चक सुटून निघू शकतो. वीस किलोचा चक पायावर नाही, थेट छातीवर येतो. म्हणून आधी नुसती मोटर.

सगळे जमले होते. कुणीतरी नारळ आणला होता. मी म्हटलं, नारळाची आमटी करू. बाला पुढं बोलावलं. म्हटलं, "बा, हिरवं बटण दाब."

तो पुढं आला. हात लुंगीला पुसला. बटणाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आधी बंद करायचं दाव."

मी लाल बटण दाखवलं. मेन स्विच दाखवला. आरसीसीबीचं छोटं टेस्टचं बटण दाखवलं, ते दाबलं की खटका पडतो. त्यानं सगळं एकेकदा स्वतः करून बघितलं. मग मायला बोलावलं, तिला करायला लावलं. माझ्या पोरीला लावलं. मग हिरवं दाबलं.

मोटर फिरली. उलटी. पोरं हिरमुसली. मामूनं मेन बंद करून दोन फेजा आपसात बदलल्या, पुन्हा दाबलं. सुलटी फिरली. इतकंच असतं. तिन्हीतल्या कुठल्याही दोन बदलायच्या, दिशा बदलते. मग पट्टा चढवला, चक कसला आणि पहिला कट घेतला. गनमेटलचा बुश. चीप पिवळी, गरम. बानं ती झाडली नाही. तिथंच पडू दिली.

आता तुम्हा पोरांना सांगायचं ते सांगतो. मोर्चाला या, सभेला या, चवदार तळ्याला जा, देहूरोडला जा. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 ला तिथं बुद्धमूर्ती बसवली, ती आपल्या शेजारी आहे. पण खिशात एक टेस्टरही ठेवा. आपली माणसं ज्या शेडीत जातात तिथं तीन गोष्टी विचारा. मशीनच्या अंगाला दोन अर्थ आहेत का. लाइट परत आली तर मशीन आपोआप सुरू होते का. मेन स्विच कुठं आहे, ते झाडणाऱ्या बाईला माहीत आहे का. उत्तर मिळालं नाही तर लिहून द्या, पोच घ्या. माणूस गेल्यावर घोषणा देण्यापेक्षा ती हिरवी वायर कुणी कापली ते आधी शोधणं बरं.

कापलेली वायर बाच्या खिशात होती, आता पडवीत खिळ्याला टांगलीय. बा रोज सकाळी लेथपाशी येतो. हिरव्या बटणाला हात लावत नाही. आरसीसीबीचं टेस्ट दाबतो, खटका पडला की तो परत वर करतो, आणि मला म्हणतो, "लाव आता."